नियमात न बसलेली मिशी

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर कुणी कमेंटमध्ये ज्ञान पाजळायला नको — माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी अकोल्याची. वडील विज्ञानाचे शिक्षक. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध मिळायचं, बस्स. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचते आणि हसते... चिंचेचं झाड, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज! माझ्या अनुभवात यातलं काही नाही. उजेड आहे, वॉटर पार्क आहे आणि एक मिशी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे येताना हायवेला लागून आमचा पार्क आहे. नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथेच आहे. माझं पद ग्रूमिंग अँड हायजीन इन्चार्ज. साध्या भाषेत सांगायचं तर पोरांची नखं बघणारी बाई. रोज सकाळी गेट उघडायच्या आधी सगळा स्टाफ लाइनीत उभा. नखं दाखव, मान वळव, टी-शर्ट खोच, आ कर. आमच्या भागात ‘आ कर’ फार महत्त्वाचं. "तोंडात काय आहे?" विचारलं की "काई नाही म्याडम" असं उत्तर येतं आणि ते तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या वासासकट येतं. एकेक जण डोक्याला इतकं तेल थापून यायचा की दुपारपर्यंत वेव्ह पूलवर तवंग दिसायचा. मी कुणाची गय केली नाही. पोरांनी माझं नाव ‘नखंवाली’ ठेवलं होतं, ठेवू दे. आमच्या पार्कातल्या बाथरूममध्ये जाताना लोक चपला बाहेर काढायचे, इतकं चकचकीत होतं सगळं.

मग बत्रा सर आले. हे गुरगावचे कन्सल्टंट. परदेशातले मोठमोठे पार्क बघून आलेले, त्यामुळे आमच्याकडचं काहीच त्यांना पसंत पडेना. त्यांनी एक जाडजूड फाइल दिली — कानातलं केवढं असावं, सेंट किती मारावा, पाहुण्याकडे बघून हसताना दात किती दिसावेत. आणि पुरुषांसाठी: दाढी नाही, मिशी नाही. महिनाअखेरी स्वतः येऊन तपासणार, जो नियमात बसणार नाही तो घरी. दात मोजायच्या नियमावर मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या हासडल्या, पण बाकी नियमांची नोटीस लावून टाकली.

पोरांनी कुरकुर करत मिश्या काढल्या. राहिले गजाननभाऊ.

गजाननभाऊ म्हणजे आमच्या मोठ्या बादलीचे ऑपरेटर. ती बादली वर भरत राहते आणि भरली की खाली नाचणाऱ्या पोरासोरांवर धबाककन उलटते, ती. चाळिशी ओलांडलेला, सरळ माणूस. लग्न जमलं नाही, मिशी मात्र झोकात जमली होती. काळीभोर, जाड. नखं नेहमी स्वच्छ, खर्रा नाही. माझा आवडता माणूस.

"म्याडम, तुमी म्हनान ते करतो," ते म्हणाले. "केस काढतो. म्हनान तं भुवया काढतो. मिशी नाही काढत."

"काहून पण?"

"माहा बाप जित्ता हाये ना जी!"

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी काढतो. बाप असताना काढली म्हणजे धडधाकट माणसाला पोचवून आल्यासारखं. आता गजाननभाऊंचे वडील म्हणजे दौलतराव. त्यांची स्वतःची मिशी पांढरीशुभ्र, टोकं वर वळवलेली, गावात तिचा दरारा. भाऊंनी त्यांना एकदा पार्क बघायला आणलं होतं. म्हातारा बादलीखाली उभा राहिला, वरून धबाककन पाणी पडलं, मिशी निथळली, आणि म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "साबन कुठी ठेवली बे?"

घरात दोघंच, बाप आणि लेक. म्हाताऱ्याला दिसायचं कमी आणि लेकाशिवाय दुसऱ्याच्या हातचा घास चालायचा नाही. आमची नोकरी अशी की सकाळी फाट्यावर एसटीत बसायचं, संध्याकाळी घरी. ही गेली तर भाऊंना पुण्याला कंपनीत जावं लागलं असतं, आणि दौलतराव गावाचा उंबरठा सोडायला तयार नव्हते. म्हणजे मिशी ठेवली तर बाप एकटा पडतो, काढली तर बाप मेल्यात जमा. माणसानं करावं काय?

शेवटी तेच म्हणाले, "चला. पन तुमी संगं या जी, नाहीतं मी पळून जाईन."

चौकात संजूभाऊचं सलून आहे. मी दारात उभी. मिशी उतरली तेव्हा गजाननभाऊंनी डोळे घट्ट मिटले होते. वरचा ओठ इतका उघडा-वाघडा दिसत होता की मलाच लाज वाटली. रुमाल तोंडावर धरून ते एसटीत बसले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचं त्यांच्या शेजारच्या शांताकाकूंनी सांगितलेलं. भाऊ फाट्यावर उतरले, रुमाल सरकला आणि पाराजवळच्या बाया ओरडल्या, "अरे बाप्पा! दौलतबुढा गेला!" झालं. भाऊ नाही-नाही म्हणतात, पण रडणाऱ्या बायांसमोर कुणाचं चाललंय? अकोटच्या आत्याला फोन, चांदूर बाजारच्या चुलतभावाला फोन. अर्धं गाव रडत दारात. आत दौलतराव ठेचा-भाकर खात बसलेले. रडारड ऐकून काठी टेकत बाहेर आले. दिसत तर नाही, पण इतके लोक रडताहेत म्हणजे कुणीतरी आपलंच गेलं, या हिशेबानं त्यांनीही गळा काढला. "लय चांगला मानूस होता रे!" म्हणत चांगले धाय मोकलून रडले. मग नाक पुसून शांताकाकूंना हळूच विचारलं, "कोन गेलं वं?"

काकूंची बोबडी वळली.

चुलतभाऊ हार घेऊनच पोचला होता. तो परत कसा न्यायचा म्हणून शेवटी मारुतीला घातला. लोक हसत घरी गेल्यावर म्हाताऱ्यानं लेकाला जवळ बोलावलं आणि बोटं त्याच्या ओठावरून फिरवली.

"नोकरीसाठी?"

"हाव बावा."

"बरं. जाय, पानी पे."

एवढंच बोलले म्हणे. चिडले नाहीत, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन लागली. नखं बघत बघत मी गजाननभाऊंपर्यंत आले, मान वर केली... आणि ओठावर मिशी! भरघोस. पांढरीशुभ्र. टोकं वर वळवलेली.

माझा पारा चढला. "भाऊ, थट्टा करता का माझी?" म्हणून मी सरळ टोक धरून ओढलं. ते "आ वं माय!" करून केवढ्यानं ओरडले! हाताला गोंद नाही, काही नाही. मुळातून आलेली मिशी.

"काय झालं जी?" ते मलाच विचारतात. कालपासून लाजेनं त्यांनी आरशात पाहिलंच नव्हतं. "म्हनून मी म्हनतो तो कंडक्टर मले ‘बाबा, जेष्ठ नागरिकाचं कारड दाखवा’ कावून म्हनून राहिला!"

मी संजूभाऊला पार्कातच बोलावून घेतलं. बादलीशेजारी खुर्ची टाकली, माझ्या समोर, लख्ख उन्हात. त्यानं फेस लावला, वस्तरा फिरवला. पांढरे केस टॉवेलवर पडले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग त्यानं राहिलेला फेस पुसला. फेसाखाली मिशी होती. तशीच. टोकंसुद्धा वळलेली! संजूभाऊनं वस्तरा मिटला, खुर्चीला नमस्कार केला आणि पैसेही न घेता मोटरसायकलला किक मारली. तो आजही आमच्या गेटसमोरून जाताना मान फिरवतो.

मला कुणी बनवलेलं मुळीच खपत नाही. गजाननभाऊंना स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट त्यांचं गाव गाठलं. दौलतराव ओट्यावर बसले होते. ओठ गुळगुळीत. कधी केस उगवलाच नसावा असा.

"बाबा, मिशी कुठाय तुमची?"

"ह्याच्या थोबाडावर हाये ना! दिसून नाही राहिली काय?"

शांताकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "न्हावी तं इकडे फिरकलाच नाही वं बाई. सकाळी उठलो तं बुढा असा!"

"बाबा, अहो नियम आहे पार्कचा. मिशी चालत नाही," मी म्हटलं.

"कोनाची?"

"म्हणजे... नोकरी करणाऱ्याची."

"मंग झालं तं!" म्हातारा ओठावरून हात फिरवत हसला. "नोकरी त्याची हाये. मिशी माही हाये. बापाची मिशी आनू नोको, असं लिवलं हाये का तुमच्या फाइलीत?"

लिहिलेलं नव्हतं. चहा पिऊन परत आले.

महिनाअखेरीला बत्रा सर आले. मी रात्रभर झोपले नव्हते. लाइन बघत बघत ते पुढे सरकले आणि गजाननभाऊंसमोर थबकले. "ये क्या है?" म्हणून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मिशी वाढवली होती. गजाननभाऊ घामाघूम. माझ्या डोक्यात तोवर एकही थाप तयार नव्हती. जे खरं होतं तेच तोंडातून निघून गेलं.

"सर, ये इनकी मूँछ नहीं है।"

बत्रा सरांचा चेहरा एकदम उजळला. "इनकी नहीं है? मतलब कॅरेक्टर है? कॉस्ट्यूम?" फाइलीत एक सवलत होती — अस्वल, जोकर, राजा-राणी, अशी सोंगं घेणाऱ्या स्टाफला दाढीमिशी माफ. "व्हेरी गुड! लोकल टच! कॅरेक्टर का नाम?"

"दौलतराव," गजाननभाऊ म्हणाले.

आठ दिवसांत बादलीशेजारी फळा लागला: ‘भेटा आपल्या दौलतरावांना’. भाऊंना धोतर आणि फेटा मिळाला. पोट्टे मिशीसोबत सेल्फी काढायला रांगा लावू लागले. एखादं पोरगं मिशी ओढून बघायचं आणि भाऊ ‘आ वं माय’ ओरडले की सगळे खिदळायचे, त्यांना वाटायचं हाही खेळच आहे. संध्याकाळी भाऊ एसटीनं घरी जात, बापाला जेवू घालत. म्हातारा रोज लेकाच्या ओठावर बोटं फिरवून टोकं नीट वळवून द्यायचा म्हणे.

पुढचा सगळा उन्हाळा असाच गेला. मीसुद्धा सरावले. सवय कशाचीही होते बघा.

दिवाळीनंतरची गोष्ट. शाळांच्या सहली होत्या, पार्क नुसता गजबजलेला. बादली उलटली, पोरं किंचाळली आणि त्या पाण्यातून गजाननभाऊ माझ्याकडे चालत आले. फेटा निथळतोय. ओठावर मिशी नव्हती. गुळगुळीत ओठ.

"म्याडम, सुट्टी पायजे," ते म्हणाले.

"जा भाऊ," मी म्हटलं. ते गेटपर्यंत पोचले तेव्हा ऑफिसातला फोन वाजला. शांताकाकूंचा होता.

मी गेले होते. या वेळी लोक चुकून रडत नव्हते. दौलतराव ओसरीत निजवलेले होते आणि त्यांच्या ओठावर त्यांची मिशी होती. पांढरीशुभ्र. जराशी ओली. "सकाळी चहा पेला तवा नव्हती वं बाई," शांताकाकू माझा हात धरून रडत म्हणाल्या. पुढे दहाव्याला रिवाजाप्रमाणे न्हावी गजाननभाऊंसमोर बसला, त्यानं हनुवटी धरली, वस्तरा उघडला आणि तसाच मिटला. काढायला काही नव्हतंच.

तुम्ही म्हणाल हार्मोन्स, उन्हाचा त्रास, सामूहिक भ्रम. माझे वडीलही तेच म्हणतात. तो भ्रम असेल तर कंडक्टरला झाला, गुरगावच्या कन्सल्टंटला झाला आणि सेल्फी काढणाऱ्या प्रत्येक मोबाइललाही झाला. मला उत्तर सापडलेलं नाही. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही. पण दौलतराव त्यात कुठे बसतात, मला ठाऊक नाही.

तेराव्यानंतर गजाननभाऊ कामावर आले. लाइनीत उभे राहिले. टी-शर्ट खोचलेला, केस बारीक, ओठ साफ. मी समोर गेले तशी त्यांनी न सांगता मान वर केली.

"पाहा म्याडम," ते म्हणाले. "आता बसलो ना जी मी तुमच्या नियमात?"

मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ नखं बघत राहिले.