अकेडियाचं खाजण आणि माझी कायम नोकरी

रत्नागिरीत व्याख्यान द्यायचं तर विषय असा हवा, की श्रोत्यांपैकी कुणालाच त्यातलं काही कळत नसावं. एरवी इथला प्रत्येक माणूस वक्त्यापेक्षा एक पुस्तक जास्त वाचून, निदान तसा चेहरा करून, पुढच्या रांगेत बसलेला असतो. एकजण नेमका घसा खाकरतो, दुसरा शेजाऱ्याकडे बघून डोळे बारीक करतो, आणि वक्त्याला घाम फुटतो. याला इथे ज्ञानोपासना म्हणतात.

मी तेव्हा हायस्कुलात इतिहासाचा हंगामी मास्तर होतो. नोकरी कायम झाल्याशिवाय मुलगी पाठवणार नाही, असं सासऱ्यांनी राजापुराहून स्वच्छ कळवलेलं. म्हणून लग्न होऊनही मी खाणावळीत जेवत होतो. कायम करणं शाळेच्या अध्यक्षांच्या हातात. अध्यक्ष म्हणजे बडे वकील, आणि वर खोत. हेडमास्तर म्हणाले, "वाचनालयात एक व्याख्यान ठोका. अध्यक्षस्थानी तेच असतील. खूश झाले की तुमचं काम झालं. फक्त सरकारविरुद्ध अवाक्षर नको."

मी अकेडियन लोक निवडले. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन वसलेले हे फ्रेंच शेतकरी. रत्नागिरीत त्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. आदल्या आठवड्यापर्यंत मीही नव्हतं. माझं संशोधन म्हणजे वाळवीने माझ्याआधी वाचून काढलेला विश्वकोशाचा एक भाग आणि कुणा पाद्र्याचं जाडजूड प्रवासवर्णन. त्यातून त्यांची लाकडी पायताणं, फिडल, खारवलेला मासा, हिवाळ्यातली गाणी असं सगळं टिपून घेतलं, आणि परवाच तिकडून बोटीने उतरल्यासारखा गावात मिरवू लागलो.

अडचण एकच होती. या लोकांना इंग्रजांनी घरं जाळून, गलबतांत कोंबून देशोधडीला लावलं होतं. हेडमास्तर हादरले. "इंग्रज काढा!" काढले. 'तिथलं सरकार' असं घातलं. "अहो, सरकारही काढा!" मग 'वरचे लोक' एवढंच ठेवलं. उरलेला वेळ भरायला त्यांची शेती घेतली. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध, बांधाच्या पोटात पोकळ ओंडका, आणि त्यात एकाच बाजूला उघडणारी झडप. पावसाचं पाणी बाहेर जाईल, समुद्र आत येणार नाही. म्हणजे आपल्या खाजणाच्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाची उघाडीच की! या शोधाने मी इतका हुरळलो, की वाचनालयाच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'समुद्र हटवून खाजण पिकवणारे लोक'.

खाजण म्हटल्यावर कोकणात गर्दी होणारच. कोर्टाच्या तारखेसाठी गावात उतरलेला कुळांचा घोळका घोंगड्यांसकट मागे येऊन बसला. मला वाटलं, कीर्ती पसरली.

मग काय, रंगलो! "बांध कुणी घातला? त्या गरिबांनी! पिढ्यान् पिढ्या चिखलात उभं राहून! आणि जमीन पिकायला लागली तशी वरच्या लोकांना आठवण झाली, की ही तर आमची!" पुढच्या रांगेतले विद्वान एकेक करून आढं न्याहाळू लागले. ते विचारात पडलेत, असं मी समजलो.

मागून एक म्हातारा कूळ उठला. "मास्तरानू, मंग त्या खोतानं जमीन परत दिलान काय?"

"कुठची हो!" मी कळवळून म्हणालो. "दुसऱ्यांना देऊन टाकली!"

"बगा! थितंसुदा ह्योच धंदा!"

सभा खदखदून हसली. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. समारोपाला उठून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वक्त्यांचा व्यासंग दांडगा आहे. अशा माणसाला आमच्या लहानशा शाळेत अडकवून ठेवणं, हा त्यांच्यावर अन्याय होईल."

टाळ्या पडल्या. मीही कृतार्थ होऊन, वाकून नमस्कार केला. हेडमास्तरांनी कोट धरून मला खाली खेचलं. "नमस्कार कसले घालताय? नोकरी गेली तुमची! उद्याची तारीख यांच्याच खाजणाची आहे. बांध कुळांचा, जमीन खोताची, हाच दावा. गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे!"

मला नव्हतं. मी कॅनडाच्या अभ्यासात होतो. कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून पृथ्वीच्या पार पलीकडे गेलो, आणि नेमका अध्यक्षांच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

आठवड्याने राजापूर गाठलं. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकलं. हद्दपारीच्या जागी त्यांचा अडकित्ता थांबला, तेव्हा मला जरा धीर आला.

"हे लोक आपल्यातले का?" त्यांनी विचारलं.

"नाही. फ्रेंच."

"मग तुम्हाला काय करायचं होतं त्यांचं?"

दाराआड बांगड्या वाजल्या, आणि कुणीतरी हसू दाबलं. ती बायकोच होती. रडली नाही, एवढंच नशीब.

सकाळी सासरे मला मोटारीपर्यंत पोचवायला आले. मुलगी पाठवली नाही. फणस दिला, चांगला थोरला. रत्नागिरीपर्यंत मांडीवर घेऊन बसलो.