खिडकीतला पेला

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा दिवस चहाने नव्हे, पेल्याने सुरू व्हायचा. आमचं घर नदीच्या बांधाखाली. नदी वर, आम्ही आणि आमची मक्याची काळीभोर शेतं खाली. बांधाच्या पायथ्याशी पाणी नेहमीच पाझरतं. ते त्या रोज काचेच्या पेल्यात धरून आणत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवत. पाणी नितळ राहिलं तर निर्धास्त. तळाशी गाळ बसला, तर बांध आतून पोखरला जातोय असं समजायचं. लहानपणी त्यांचं माहेर असंच वाहून गेलं होतं.

"आली आमची वेधशाळा!" भाऊजी चिडवायचे. त्या पदराला हात पुसत म्हणायच्या, "हसा. पोहता येतं ना तुम्हाला?"

त्या आठवड्यात नदी बांधाच्या काठोकाठ आली. सकाळी जाऊबाई आतल्या खोलीत सासूबाईंना कुशीवर वळवत होत्या. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या.

"अगं, पेल्यात काय दिसतंय?" जाऊबाईंनी मला विचारलं.

"आरशासारखं पाणी आहे!"

भाऊजींनी ट्रॅक्टरची चावी पुन्हा खिळ्याला अडकवली.

मी कपबशा लावायला घेतल्या आणि एकदम आठवलं. घाईघाईत मीच तो पेला विसळला होता. सासूबाईंच्या गोळीसाठी माठातलं पाणी भरलं आणि उरलेल्या पाण्यासकट सवयीने परत खिडकीत ठेवला.

"वहिनी," मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले, "ते पाणी माठातलं आहे."

त्या तशाच बाहेर आल्या. पेला रिकामा केला आणि अनवाणीच बांधाकडे धावल्या. मागोमाग मी. रोजची करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली होती. त्यांनी धारेखाली पेला धरला; पेल्यात पाणी नव्हतंच, चहाच होता जणू.

"चावी काढा!" त्या तिथूनच ओरडल्या.

आम्ही दोघी जावा आणि ते दोघे भाऊ अशा चौघांनी सासूबाईंना गादीसकट ट्रॉलीत ठेवलं. "माझा चष्मा घ्या गं," त्या म्हणत होत्या, "बुडायचंच तर नीट बघून तरी बुडेन." कोणी हसलं नाही. ट्रॅक्टर चिखलात दोनदा रुतला. दुसऱ्यांदा रुतला तेव्हा मागून बांध फुटल्याचा कड् कड् असा आवाज आला, आणि मी डोळे मिटून घेतले.

उंचावरच्या रस्त्यावर पोहोचून वळून पाहिलं, तर मक्याचे शेंडेसुद्धा दिसत नव्हते. खिडकीपर्यंत पाणी चढलं होतं.

जाऊबाईंच्या हातात पेला अजून तसाच होता. तळाशी बोटभर गाळ.

"हा तेवढा विसळू नकोस," त्या म्हणाल्या आणि मला जवळ घेतलं.