सौदामिनीची बैठक आणि जावयाचं ताट

आमची सौदामिनी काळजीत पडली की घर झाडायला घेते. मी तिची थोरली जाऊ. एकाच इमारतीत ती वर, मी खाली, त्यामुळे तिचा झाडू सुरू झाला की मला कळतं. धोंड्याच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळपासून तो थांबेचना, तेव्हा मी वर गेले आणि म्हटलं, "आता फरशी निघेल बाई. काय झालंय ते बोल."

"ताई, सोमनाथ आज सासरी जेवायला गेलाय," ती म्हणाली.

लोकांचे जावई सासरी जेवायला जातात तेव्हा कुणी असा पांढराफटक चेहरा करत नाही. पण तिच्या बैठकीतल्या सोमनाथचं तसं नव्हतं. ते कळायला आधी सौदामिनीचं सांगायला हवं.

ती भोरच्या तहसील कचेरीत कारकून. एके काळी कचेरीचा जिना चढताना मध्येच रजिस्टर बघितल्यासारखं करून थांबायची, दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. शुगर होती, गुडघे गेले होते, आणि झोपेत श्वास अडकायचा. तिचा नवरा मंदार, म्हणजे माझा दीर, तिच्या घोरण्याकडे कान लावून जागा राहायचा आणि घोरणं थांबलं की हलवून उठवायचा. शेवटी पुण्याला जाऊन तिनं पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. जठराचा मोठा भाग कापून काढतात, उरतं ते केळ्याएवढं. माझा जीव टांगणीला लागला होता, पण निभावली.

वजन उतरलं आणि भोरला तोंड फुटलं. शुगर वाढली का गं, इथपासून कॅन्सर तर नाही ना, इथपर्यंत. खरं सांगावं तर म्हणणार, खाऊन सुजली आणि पैसे देऊन बारीक झाली. म्हणून ती थायरॉइडच्या गोळीचं नाव पुढं करायची.

ऑपरेशन झालं तरी पुढचं सगळं आपलं आपणच निस्तरायचं असतं. केस गळतात, घास अडकतो, रडू येतं, आणि डॉक्टर बसलेत पुण्यात. तिला याच वाटेनं गेलेली इकडची दोघंचौघं भेटली आणि तिनं बैठक सुरू केली. महिन्याचा दुसरा रविवार, माझी पुढची खोली. पहिल्या बैठकीला मी रीतीप्रमाणे कढईभर पोहे केले. सगळ्यांनी चमचाभर घेतले आणि चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे बघत बसले. उत्रोलीचे गेनूअण्णा तर म्हणाले, "वयनी, राग धरू नका, पर आमचं पोट आता पाव्हण्यासारखं हाय, दारातनंच माघारी जातंय." ही मंडळी जेवायला बाळाच्या उष्टावणाची वाटी आणि तो एवढासा चमचा वापरतात. माणसं घरी येतात आणि त्यांना वाढायचं काही नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

बैठकीचा नियम एकच, इथलं बाहेर बोलायचं नाही. आणि त्याच्या जोडीला सौदामिनीनं त्यांना लपवायचं कसं ते शिकवलं होतं. लग्नाकार्यात ताट भरून घ्यायचं, एकच घास चघळत सगळ्यांशी बोलत हिंडायचं आणि संधी साधून ताट ठेवून द्यायचं. नको म्हणायचंच नाही, म्हणजे का म्हणून कुणी विचारत नाही. कचेरीतल्या निरोप समारंभांत तिनं हे करून करून हात बसवला होता.

सोमनाथ त्या बैठकीत सगळ्यात नवा. सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ त्याचं टायरचं दुकान आहे. ऑपरेशनला जेमतेम दीड महिना झालेला, अजून पातळ वरण आणि मऊ भातावर. बायको वैष्णवीला माहीत होतं, पण तिला त्यानं शपथ घातली होती. सासरे जुने तालमीतले, जावयाच्या अंगापिंडाचं गावभर कौतुक सांगणारे. त्यांना त्यानं अपेंडिक्स काढलं म्हणून सांगितलं. आणि यंदा नेमका अधिक महिना आला.

आता अधिकात जावयाला धोंडे जेवायला घालतात, म्हणजे पुरण भरून उकडलेले आणि तुपात बुडवलेले. तीन वर्षांनी एकदा येणारा मान, नको कोण म्हणणार? बैठकीत सौदामिनीनं त्याला सांगून पाहिलं की सासूच्या कानावर घाल. तो हसला. "कशाला म्याडम? तुमी शिकवलंय तसं करतो की."

तिनं ते तेवढ्यावरच सोडलं. आणि आता झाडू घेऊन बसली होती.

"ताई, लग्नातलं हिंडतं ताट वेगळं. हा एकटा पाटावर बसणार, समोर रांगोळी, सगळं घर त्याच्या पानाकडं बघणार. टाकायला जागा नाही. टाके कच्चे आहेत. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, या दिवसांत दाबून खाल्लं आणि आतला टाका सुटला तर माणूस हाती लागत नाही. हे मी त्याला शिकवलं गं."

सोमनाथचा फोन लागत नव्हता. वैष्णवीचा सकाळचा एकच मेसेज होता, "म्याडम माझी जीभ उचलत नाही, तुम्हीच काहीतरी करा."

"मग झाडतेस काय? ऊठ," मी म्हटलं. सोमनाथची सासुरवाडी वेल्ह्याकडची. मंदारनं गाडी काढली.

नसरापूर गेलं, आंबवणे गेलं, वेल्ह्याचा रस्ता काही संपेना. सौदामिनी पदरानं गाडीची काच पुसत होती, जी स्वच्छच होती. "मी जाऊन सांगू काय? त्याचं गुपित मी फोडलं तर उद्या बैठकीला काळं कुत्रं येणार नाही. सगळे माझ्या शब्दावर येतात."

"आणि नाही सांगितलंस तर?"

ती पुन्हा काच पुसायला लागली.

गावात घर सापडलं तेव्हा पंगत रंगात आली होती. मंदार गाडीपाशीच थांबला. सोमनाथ पाटावर, शर्टाची पाठ घामानं चिकटलेली. शेजारी सासरे खुर्चीत. वैष्णवी चौकट धरून उभी. आणि सासूबाई, बाळाबाई, तुपाची वाटी घेऊन वाकलेल्या. "घ्या जावईबापू, आजारपणानं पार वाळलासा. ह्यो एवढा माझ्या हातचा." अर्धं ताट त्यानं संपवलं होतं. आम्हाला बघून त्याच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्त गेलं.

मी म्हटलं, आम्ही भोरच्या, वैष्णवीच्या ओळखीच्या, इकडं आलो होतो. बाळाबाईंना आनंदच झाला. अधिकात दारी सवाष्णी आल्या. नको नको म्हणेपर्यंत दोन पाट मांडले, दोन पानं वाढली. सौदामिनीच्या पानात धोंडा पडला, वर तूप. मी डोळ्यांनी खुणावलं, चिवडत बस, तुझ्या वाटचं मी बघते. तेच तर ती इतकी वर्षं करत आली होती.

तिनं पानाला हात लावला नाही. "बाळाबाई, मला एवढं जात नाही. मी ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलंय. वजन उतरावं म्हणून. मुद्दाम."

सासरे पुढं वाकले. "म्हंजी? खाणं आवरंना म्हणून पोट कापून घेटलं?"

"तसं समजा," सौदामिनी म्हणाली. "मला झोपेत श्वास लागत नव्हता. मरायचं नव्हतं म्हणून कापून घेतलं. आता चार घास जास्त गेले तर उलटते. आणि पहिल्या दोन महिन्यांत, टाके कच्चे असताना कुणी आग्रहानं भरवलं तर माणूस जातो."

तिनं सोमनाथकडं एकदाही बघितलं नाही. बाळाबाईंनी बघितलं. आधी त्याच्याकडं, मग चौकटीतल्या लेकीकडं. लेक रडत होती.

सोमनाथनं हातातला घास खाली ठेवला. "मामी, माजं अपेंडिक्स न्हवतं," तो म्हणाला आणि पोट धरून पाटावरच वाकला.

"आन म्या घातलेलं समदं गिळत व्हतासा?" बाळाबाई म्हणाल्या. "माज्या हातानं मारणार व्हता व्हय मला तुमी?" शब्द उलटेसुलटे झाले होते, पण चूक कुणी दाखवली नाही. त्याला गाडीत कुणी घातलं असेल तर त्याच सासऱ्यांनी, लहान पोरासारखं उचलून. पुण्यापर्यंत तो ओकत होता आणि सौदामिनी त्याची नाडी धरून बसली होती, ताप येतोय का बघत. मला ती वाट पुन्हा नको.

टाके शाबूत होते. दोन दिवस सलाइनवर ठेवून सोडलं.

बातमी भोरला पोचलीच. कचेरीत सौदामिनीच्या मागं काय काय बोललं गेलं ते मी इथं सांगत नाही, माझं डोकं फिरतं. बैठकीच्या रविवारी ती सकाळपासून झाडत होती. दोघं आली नाहीत ती नाहीतच. बाकीची आली. आणि सगळ्यात शेवटी, वेल्ह्याहून एसटी बदलत बदलत, बाळाबाई आल्या. मागं वैष्णवी आणि सोमनाथ.

त्यांनी पिशवीतून नातीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. "म्हैना सराय आला. जावयाचं जेवण अर्धं ऱ्हायलंय. हिच्यात किती घालायचं ती ह्या बाईनं सांगावं."

"पुरण नको. पातळ वरण," सौदामिनी म्हणाली.

वरण मी आणलं. शेवटी माझ्या घरात कुणाला तरी काहीतरी वाढायचं होतं. बाळाबाईंनी पाटापुढं रांगोळीची रेघ ओढली, सोमनाथला बसवलं आणि चमच्यानं वाटी भरू लागल्या. सौदामिनी बस म्हणाली तेव्हा वाटी निम्मीही झाली नव्हती.

"एवढ्यावर माणूस जगतंय?"

"मी जगतेय की," सौदामिनी म्हणाली.

बाळाबाईंनी मान हलवली आणि हाताच्या सवयीनं आणखी एक चमचा वाटीत घातला. मग त्यांचा हात थांबला. जावयाच्या पानात वाढलेलं कुणी परत घेतलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी तो चमचा वाटीतून परत काढून घेतला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "जेवा."