कनातीमागच्या सळ्या

ती घटना आठवली की आजही आधी हात जोडले जातात, मग अंगावर काटा येतो.

खराडीच्या पुढे शेतांच्या जागी लोखंडी सांगाड्याच्या शेड उठत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी आटोपत होती. भंगाराचा धंदा करणाऱ्या एका चाचांचा फोन आला.

"साहेब, एक फिटर सळ्या विकून गेलाय. कोऱ्या करकरीत आहेत. हा माल भंगारात निघायच्या वयाचा नाही."

सळ्या पाहिल्या. शेडच्या खांबांमध्ये तिरक्या ताणून बसवतात, त्या. वाऱ्यात सांगाडा त्यांच्याच जोरावर उभा राहतो. म्हणजे कुठली तरी शेड त्यांच्याशिवाय उभी होती.

फिटरला उचलला. "उरलेला माल आहे साहेब," हे एकच पालुपद. दरडावून झालं, चहा पाजून झाला, पठ्ठ्या ढिम्म. तोंड न उघडणाऱ्याला जागेवर न्यावं, म्हणून त्याने नुकत्याच उभारलेल्या शेडवर गेलो.

तिथे वास्तुपूजेची पंगत बसलेली. अख्खं गाव जेवायला, भिंतींच्या जागी मांडववाल्याच्या कापडी कनाती. जागेचे मालक लगबगीने आले. "या साहेब, जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

आम्ही आत शिरलो. फिटर दारातच थबकला.

"ये, दोन घास खा," मी म्हणालो.

त्याची नजर छपरावर. बाहेर वळवाचा वारा सुटला होता. त्याला एकदम रडू फुटलं. "साहेब, आधी बायापोरांना बाहेर काढा. मागच्या कनाती उचलून बघा."

उचलल्या. खांबांमध्ये एकही सळई नव्हती.

मालक भडकले. "भरल्या पानावरनं मानसं उठवायची व्हय?"

"उठवायची. आत्ताच्या आत्ता."

लोक मला शिव्या घालत, पत्रावळी सावरत उठले. शेवटची म्हातारी मोकळ्या रानात पोचली आणि वाऱ्याने मागचा सांगाडा छपरासकट आडवा केला. मालक पोरांची डोकी मोजत सुटले.

शाबासकी मला मिळाली. खबर देणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही, आजही लिहीत नाही. पण गुन्हा उघडकीला येतो तो आमच्या हुशारीने कमी आणि कुणीतरी गप्प न बसल्यामुळे जास्त, हे मी त्या दिवशी शिकलो.

आभार मानायला गेलो, तर चाचा तराजूवरून नजर न उचलता म्हणाले, "अहो साहेब, गप्प बसलो असतो तर अख्खी शेडच माझ्याकडे वजनावर आली असती. पण त्या पैशाचं अन्न अंगी लागलं नसतं."