चाखणं म्हणजे खाणं नव्हे

नळीतलं निळं पाणी आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखं लाल. अमरावतीच्या आमच्या डॉक्टरांनी ती काचेची नळी दिव्यावरून काढली आणि माझ्यासमोर धरली.

"बाबाराव, लघवीत साखर आहे. थोडीथोडकी नाही. याला डायबेटिस म्हणतात."

डायबेटिस म्हणजे मधुमेह. खाल्लेली साखर अंगी न लागता रक्तात साचते आणि लघवीवाटे वाहून जाते. मी हसलो. संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या अंगात साखर नाही तर काय मिरची निघणार, असं बोलूनही गेलो. डॉक्टर हसले नाहीत. ते माझ्या पायाकडे बघत होते.

उजव्या अंगठ्याला नवी वहाण लागली होती. महिना झाला तरी जखम भरत नव्हती. सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, झाडांच्या दोन ओळी फिरलो की येणारा थकवा, हे सगळं मी उन्हाच्या नावावर खपवलं होतं.

डॉक्टरांनी अकोल्याच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. बडनेऱ्याहून गाडी धरून मी आणि माझी बायको गिरजा तिकडे गेलो. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी कुबड्या घेतलेला एक माणूस बसला होता. त्याला काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सर्जन म्हणाले, "तीन आठवडे देतो. साखर उतरली तर भरेल. नाही तर गँगरीन होईल." गँगरीन म्हणजे मांस सडणं. "मग अंगठा काढावा लागेल. पुढं किती, ते आज सांगता येत नाही."

परतीच्या गाडीत मी पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघत राहिलो. बगीचे पायी तुडवणाऱ्या माणसाचा पायच गेला, तर राहिलं काय?

म्हणून मी पथ्य पाळलं, आणि इमानदारीनं पाळलं. साखर बंद, गूळ बंद, भात बंद. ज्वारीची एक भाकर, अंबाडीची भाजी, ताक. पेनिसिलिनची इंजेक्शनं आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतल्या. पायावर भार द्यायचा नव्हता, म्हणून बगीच्यातही बैलांच्या छकड्यातच बसून राहायचो. रोज संध्याकाळी गिरजा निळ्या औषधात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकून नळी उकळायची. रोज रंग नारिंगी. बारा दिवस झाले. मी गोळ्यांना शिव्या घातल्या, डॉक्टरांनाही मनातल्या मनात.

तेराव्या दिवशी डॉक्टरांनी नाडी बघायला माझा हात धरला आणि नाक जवळ नेलं.

"हाताले संत्र्याचा वास कसा?"

"माल चाखतो नं, साहेब."

"किती?"

"बगीच्यातल्या चाळीस-पन्नास झाडांचा. छकड्यातच आणून देतात."

"मग मी खाण्याचं विचारलं तवा सांगितलं काहून नाही?"

"तुमी खाण्याचं विचारलं. चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

मी खोटं बोललो नव्हतो. आम्ही अख्ख्या बगीच्याचा माल झाडावर असतानाच घेतो. झाडाझाडाचं फळ फोडायचं, दोन-तीन फोडी तोंडात टाकायच्या आणि भाव बोलायचा. माझे वडील महाशिवरात्रीच्या निर्जळी उपासालाही माल चाखत. उपास मोडला, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

"हा फरक जिभेले माहीत असंल, बाबाराव," डॉक्टर म्हणाले. "पोटाले नाही."

घरी येऊन मी डोक्याला हात लावला. अंजनगावचा मोठा बगीचा दुसऱ्याच दिवशी बघायचा होता. चाखलं तर अंगठा जातो, न चाखलं तर धंदा.

गिरजा म्हणाली, "चाखाले माही जीभ आहे नं."

"तुले काय समजते त्यातलं?"

"तीस वर्सं तुमी आनलेले संत्रे कोन खाल्ले मंग?"

दुसऱ्या दिवशी ती छकड्यातून उतरली, तेव्हा मालक गालात हसला. तिनं चार झाडांचं फळ फोडलं. पाचव्याला थांबली. "फळ मोठं दिसते, पन रस फिका आहे. सौद्याच्या आधी भरपूर पानी देलं तुमी." मालकाचं हसू मावळलं. फळ फुगवायची ती युक्ती मीही कधीकधी उशिरा ओळखायचो. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

चार दिवसांत नळी पिवळी झाली, मग हिरवी. तीन आठवडे पुरे झाले तेव्हा अकोल्याच्या सर्जननी पट्टी सोडली. खाली लालसर, ताजं मांस भरत आलं होतं. "सुरीचं काम नाही," ते म्हणाले. मी त्याच बाकावर जाऊन बसलो आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही.

पुढं जखम पुरती भरल्यावर मी बगीचे पायी फिरू लागलो. पोट उतरलं. गोळी आधी अर्धी झाली आणि वर्षभरानं सुटली. आता नळी निळीच राहते. डॉक्टर म्हणाले, "रोग गेला नाही, निजला आहे. उठवू नका."

तुम्हालाही हा आजार निघाला, तर घाबरून जाऊ नका. फक्त तोंडात जाणारं सगळं डॉक्टरांना सांगा. तुम्ही ज्याला खाणं म्हणत नाही, ते आधी सांगा.

संत्र्याच्या गेल्या बहाराला डॉक्टरांनी मला एका फोडीची मुभा दिली. गिरजा अख्खा बगीचा हिंडली, कितीतरी फळं तिनं फोडली आणि शेवटी एक फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती हळूहळू चावली. जन्मभरात हजारो संत्री चाखली होती. त्या दिवशी मी संत्रं खाल्लं.