काकांची तार

काचेच्या कांडीवरचा गरम थेंब अंगठ्यावर घ्यायचा, त्याला तर्जनी टेकवायची आणि बोटं हळूहळू लांब न्यायची. मधे राळेसारख्या चिकट रेझिनची बारीक तार ओढली जायची. ती किती लांब जाते, कशी तुटते, हे काका डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून लेकरू हाय. थांबा, ती सांगल."

ती म्हणजे रिअॅक्टरच्या मोठ्या भांड्यात शिजणारी रेझिनची बॅच. मी पॉलिमर केमिस्ट्रीत डॉक्टरेट घेऊन रोह्याच्या या कंपनीत आलो, तेव्हा माझ्या जेवणाच्या डब्यावरही 'डॉ.' लिहिलेलं होतं. मला आजवर कुठल्याच बॅचने काही सांगितलं नव्हतं. माझा विश्वास आकड्यांवर.

काका आमच्या रिअॅक्टरचे जुने ऑपरेटर, निडीचे. मी पेणला राहायचो. कंपनीची बस सकाळी मला पेणला घ्यायची आणि काकांना निडीला. चढता चढताच ते विचारायचे, "पापड आनलंत काय, साहेब?" पेणला राहणारा माणूस पोह्याचे पापड न घेता रोह्याला येतो, हे त्यांना कधी पटलंच नाही.

गेटवर रोज एकच तमाशा. हजेरीच्या मशीनवर काकांनी अंगठा ठेवला की ते म्हणायचं, "पुन्हा प्रयत्न करा." तीस वर्षं गरम थेंब झेलून अंगठ्याच्या रेघाच पुसल्या होत्या. शेवटी सिक्युरिटीवाल्याने त्यांच्यापुरती एक वही ठेवली. "म्हणून सांगतो, हाताने कामं करू नका, उपकरणं वापरा," असं मी वर सुनावलं होतं. अशी दोन-चार वाक्यं मी रोज टाकायचो.

माझा प्रबंध ज्यावर होता, तो पदार्थ मात्र खरंच नवलाचा. एरवी पॉलिमरच्या साखळ्यांच्या एकमेकींत गाठी बसल्या की माल कायमचा घट्ट. मग तो वितळत नाही की विरघळत नाही. आता अशा साखळ्या बनवता येतात की तापवून ग्लायकॉल नावाचं पातळ रसायन थोडं पाजलं की गाठी सुटतात. हे मी एकदा कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. माझा भात निवला, पण मी थांबलो नाही. एकेक जण ताट उचलून सटकला. शेवटी समोर काका तेवढे उरले.

"म्हंजे बसलेली ब्याच उठते म्हना की."

"इतकं सोपं नसतं ते, काका," मी म्हणालो.

बॅच बसणं म्हणजे रेझिन रिअॅक्टरमध्येच दगड होणं. मग आत उतरून छिन्नी-हातोड्याने फोडायचं. तरुणपणी काकांनी दुसऱ्या कुणाची तरी बसलेली बॅच आठ दिवस फोडली होती. त्यांच्या स्वतःच्या हातून मात्र एकही बसली नाही, आणि त्यांना अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा. "शेवटचा म्हयना हाय, तेवढा नीट जाऊ दे गो," असं ते रिअॅक्टरला हात लावून म्हणायचे.

नेमकी त्याच महिन्यात माझ्या नव्या पॉलिमरची पहिली मोठी बॅच लागली. दुपारी काकांनी तार ओढली. ती चांगली लांब गेली.

"साहेब, झाली. थंड करा."

"नमुना लॅबला दिलाय. घट्टपणाचा आकडा येऊ द्या."

"ती सांगते हाय ना!"

"काका, आपण अंदाजावर चालत नाही."

त्यांनी पुन्हा तार ओढली. या वेळी ती तटकन तुटली, म्हणजे बॅच पुढे गेली होती, आणि काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात आकडा आला आणि मी तो घ्यायला खाली लॅबमध्ये पळालो. उत्तम आकडा होता, फक्त तो अर्ध्या तासापूर्वीच्या मालाचा होता. मी कागद फडकवत वर पोचलो, तेव्हा माल घट्ट होऊन ढवळणीच्या दांड्यावर चढायला लागला होता.

अशा वेळी मी काय केलं? चष्मा पुसला. पाच वर्षं याच गाठींवर घालवलेला माणूस मी, आणि डोक्यात फक्त 'मेलो!' एवढंच.

"ग्लायकॉल आना रे!" काका ओरडले. "साहेब, किती घालू?"

मी पुन्हा चष्मा पुसला.

"अवो, तुमीच सांगितलंत ना क्यान्टीनमदी! गाठी सुटतात म्हनून!"

मग कुठे माझी वाचा फुटली. मी प्रमाण सांगितलं, काकांनी थोडं थोडं करून सोडलं. दोन तासांनी ढवळणीची मोटर कण्हायची थांबली. माल सैल झाला. माझं ते व्याख्यान अख्ख्या कंपनीत एकाच माणसाने ऐकलं होतं, आणि तो मी नव्हतो.

रिअॅक्टर वाचला, माल वाया गेला. मॅनेजर आले. "वेळेवर थंड का केली नाही? कुणी थांबवलं?"

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी तोंड उघडणार होतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. त्याआधीच काका म्हणाले, "माजा अंदाज चुकला." बॅचच्या कार्डावर तसंच लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुमाला अजून लय ब्याचा काडायच्यात," म्हणाले आणि निडीला उतरून गेले.

निरोपाच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला. मॅनेजर कौतुकाने म्हणाले, "तीस वर्षांत एकच बसवली काकांनी, तीही जाता जाता!" सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला. मला ते बघवेना. लाज वाटली, मनापासून वाटली.

मी उठलो. "ती मी बसवली. काका थंड करा म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्यांच्या हातून एकही बसलेली नाही." आवाज असा कापत होता की मागच्यांना दोनदा सांगावं लागलं. मॅनेजरनी तिथल्या तिथे कार्ड मागवलं आणि माझ्याच हाताने दुरुस्त करून घेतलं.

काका खिडकीबाहेर बघत होते. डोळे पुसून म्हणाले, "बसा आता. पापड खा. तुमच्याच पेनचं हायत."

काका निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली; आता तार मी ओढतो. पहिल्या दिवशी असा किंचाळलो होतो की सिक्युरिटीवाला धावत आला. आकडा अजूनही मागवतो, पण तार आधी बघतो. नवी मुलं हसतात. मी म्हणतो, "थांबा, ती सांगेल."

परवा सकाळी गेटवर मशीनवर अंगठा ठेवला. "पुन्हा प्रयत्न करा." पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला; तेच. मागची रांग खिदळायला लागली. सिक्युरिटीवाल्याने ड्रॉवर उघडला आणि ती जुनी वही काढली. शेवटचं पान अर्धं भरलेलं होतं, सगळ्या ओळींत काकांची सही. त्यांच्या खालच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. आत गेल्यावर लक्षात आलं, नावाआधी 'डॉ.' लिहायचं राहिलं.