पुठ्ठ्याचा पडदा

तिसरी घंटा होते, पडदा वर जातो.

मखमलाबादच्या मळ्यातली पत्र्याची शेड. डावीकडे शेवंतीचे ढीग, उजवीकडे रिकाम्या क्रेट्सची उतरंड. मधोमध उलट्या क्रेट्सवर एक जुनं दार आडवं टाकलंय, हेच टेबल. दाराच्या एका टोकाला द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा उभा केलाय, त्यावर हिरव्या घडाचं चित्र. आणि त्या पुठ्ठ्याच्या मागे, वीस बाजूंचा निळा फासा मुठीत घोळवत बसली आहे या प्रवेशाची नायिका, रूपाली थेटे. वय पस्तिशीच्या आतबाहेर. पहाटे टेम्पोतून फुलं बाजारात पोचवायची, दुपारी मळा बघायचा आणि रविवारी संध्याकाळी एक अख्खं जग चालवायचं, असा तिचा आठवडा.

हा खेळ तिनं पुण्यात नोकरीला असताना पाहिला आणि तो तिच्या अंगात भिनला. नाटकासारखाच खेळ, फक्त संहिता नाही. एकानं जग उभं करायचं, त्यात गड, दऱ्या, वेताळ, राक्षस पेरायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन त्यात शिरायचं. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार. जग चालवणारीला ही मंडळी सूत्रधार म्हणत. सूत्रधारानं आपले फासे आडोशाला टाकायचे अशी रीत, म्हणून तो पुठ्ठा.

पण सूत्रधाराचं काम म्हणजे एकाच वेळी पडदा ओढायचा, दिवे सांभाळायचे, शिवाय रुसलेल्या नटाची समजूत काढायची. रूपालीची पहिली मंडळी लग्नं आणि बदल्या यांत विखुरली. दुसऱ्या मंडळींसाठी तिनं महिनाभर राबून एक भुताचा गड रचला, तर तिचे वीर गडाच्या पायथ्याशीच थांबले आणि त्यांनी तिथं मिसळीचं हॉटेल काढलं. गडावर कोणी गेलंच नाही. पुढे एकेकाचं पात्र मेलं, तसा तो माणूस यायचा थांबला आणि ती मंडळीही पांगली. ही तिसरी. ही मोडू द्यायची नाही, असं रूपालीनं मनाशी घट्ट धरलं होतं. या खेपेला रचलेली धुक्याच्या राजाची कथा शेवटाला न्यायची, याच माणसांना घेऊन.

माणसं तीन. पंचवटीतला मयुरेश, घराणं उपाध्यांचं, सकाळभर यजमानांचे विधी करायचा आणि कपाळावरचं गंध न पुसता इथं येऊन अट्टल चोर व्हायचा. दुसरी मृण्मयी, कोर्टात वकील. इथं ती तलवारबाज, पण भांडायची मात्र नियमांवरून. आणि तिसरे चंदरभाऊ. इगतपुरीला रेल्वेत ट्रॅकमन. पावसाळ्यात घाटातल्या रुळांवर दिवा घेऊन गस्त घालणारा, दिवसात दहा वाक्यंही न बोलणारा माणूस. भाच्याबरोबर एकदा बघायला म्हणून आले. भाचा सुटला, मामा टिकले. त्यांचं पात्र मशालजी हैबती: सगळ्यांच्या पुढे मशाल घेऊन चालणारा, गाणारा, राक्षसांना शिव्या घालणारा. हैबती बोलायला लागला की चंदरभाऊ ओळखू येत नसत.

शेडच्या कोपऱ्यात रूपालीची आई नवसाबाई हार ओवत बसलेली असायची. ती खेळत नसे. ऐकत मात्र सगळं असे.

त्या रविवारी हैबतीवर राक्षसाची गदा आली. रूपालीनं पुठ्ठ्यामागे फासा टाकला.

"सात!" ती म्हणाली. "गदा डोक्यावरून गेली. हैबती वाचला!"

नेमका त्याच क्षणी नवसाबाईनं टेबलफॅन आपल्याकडे वळवला. वारा लागला आणि पुठ्ठा आडवा झाला. चुकीच्या वेळी पडदा पडावा तसा.

निळा फासा दारावर निवांत पडला होता. वरच्या बाजूला वीस. राक्षसाच्या हातून वीस म्हणजे घाव वर्मी, माणूस जागच्या जागी संपला.



"हा सात आहे?" मृण्मयीनं विचारलं.

"अगं, तो... हलला असेल."

"रूपाली, मी रोज खोटे साक्षीदार बघते. तू त्यांच्याइतकीही बरी नाहीस. किती वेळा केलंस हे?"

रूपाली पडलेला पुठ्ठा पुन्हा उभा करायला लागली, तेव्हा सगळ्यांना उत्तर मिळालं.

"म्हणजे त्या विहिरीत मी वाचलो ते?" मयुरेशनं विचारलं. रूपालीनं मान खाली घातली. "वा! घरी मी यजमानांना पुण्य देतो, इथं तू मला देतेस. फरक एवढाच की माझे यजमान ते मागून घेतात."

"मला तुम्ही कोणी जायला नको होतात," रूपाली म्हणाली. "पात्र मेलं की माणूस येत नाही. मी बघितलंय."

"मग आम्ही जिंकलो ते काय?" मृण्मयीचा आवाज चढला. "वर्षभर आम्ही लढलो की तू आम्हाला कडेवर घेऊन फिरवलंस?"

चंदरभाऊ उठले. पिशवी खांद्याला लावली. "गाडी हाय," एवढंच म्हणाले आणि गेले. गाडीला अजून खूप वेळ होता.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. रूपालीनं दार क्रेट्सवर टाकलं, पुठ्ठा उभा केला आणि एकटीच बसली.

"मला विचारायचं होतंस," नवसाबाई दोऱ्यात फूल ओवत म्हणाली. "तू खोटं बोललीस की तुझा आवाज बारीक होतो. लहानपणापासून. मला तर प्रत्येक वेळी कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू त्या चंदरला जपत होतीस, दिसत होतं मला. पण पोरी, माणूस काय शेवंती आहे? झाकून ठेवलं की ताजं राहील?"

 रूपालीनं तो हिरव्या घडाचा पुठ्ठा उचलला आणि गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडला.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीला तिनं कोर्टाबाहेर गाठलं, मयुरेशला नदीच्या घाटावर. दोघांनाही एकच सांगितलं: आजपासून फासा सगळ्यांसमोर. मृण्मयी म्हणाली, "बघते." मयुरेश म्हणाला, "चंदरभाऊ आले तर मी आलोच." चंदरभाऊ फोन घेत नव्हते. तेव्हा बाजारात फुलं उतरवल्यावर रूपालीनं टेम्पो घराकडे वळवलाच नाही, सरळ इगतपुरी गाठली.

चंदरभाऊ रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर रेनकोट झटकत होते. धुकं इतकं की अंगणापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, आतून चहा मागवला आणि गप्प बसले. रूपालीही बसून राहिली. न बोलणाऱ्या माणसासमोर आपण बोलत सुटायचं नाही, एवढं ती त्या टेबलावर शिकली होती.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "तो अजगर, ते कडेलोटाचं... मला वाटायचं, मी लय डोकं लावलं म्हणून वाचलो. गस्तीला निघालो की तेच आठवत चालायचो. एकटाच हसायचो." कपातला चहा त्यांनी गोल फिरवला. "आता आठवायला गेलो तर कळत नाय, कुठलं माझं आणि कुठलं तुमचं."

रूपालीला हे मृण्मयीच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"चुकलं माझं, चंदरभाऊ. जे झालं त्यातलं तुमचं-माझं आता मला वेगळं करून देता येणार नाही. पण पुढचं तुमचं असेल. पुठ्ठा मोडलाय मी."

"आणि हैबती मेला तर?"

"मेला तर मेला," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक झाला नाही.

रविवारी टेबल भरलं. मधोमध नवसाबाईची पितळी परात. फासा त्यात पडला की टणकन आवाज व्हायचा आणि चौघांची डोकी एकदम पुढे यायची. धुक्याच्या राजाचा दोरांचा पूल आला. मागे राक्षस, खाली दरी. मशालीच्या उजेडाशिवाय पलीकडचं टोक दिसत नव्हतं.

"कोणीतरी मशाल धरून अलीकडे थांबलं तरच बाकीचे पोचतील," रूपाली म्हणाली. "जो थांबेल त्याच्यावर राक्षस येईल. चौदाच्या वर पडलं तर तो संपला. आत्ताच सांगते, सगळ्यांसमोर."

"मी चोर आहे, मी पळतोय," मयुरेश म्हणाला, पण हसला नाही.

चंदरभाऊंनी परातीकडे बघितलं. "चौदाच्या वर ना? आणि कोणी वाचवणार नाय?"

"नाही."

ते उभे राहिले. खांदे सरळ झाले, आवाज पोटातून आला आणि शेडमध्ये हैबती उभा राहिला. "चला रे भेकडांनो, पलीकडे! उजेड माझ्याकडे हाय तोवर पाय उचला!"

रूपालीनं फासा टाकला. तो परातीत दोनदा गरगरला आणि थांबला.

सतरा.

तिची बोटं फाशाकडे गेली. सवय होती ती. तिनं ती आवळून मांडीवर घेतली.

"सतरा," ती म्हणाली. "गदा बसली. हैबती पडला. पण तुम्ही दोघं पलीकडे पोचलात."

मृण्मयीनं तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यात नवसाबाईची सुई थांबली. चंदरभाऊ उभेच होते. मग ते सावकाश गुडघ्यावर बसले, हातातली नसलेली मशाल पुलाच्या दोराला लावली आणि म्हणाले, "आता कोणी तुमच्या मागं येत नाय." इतक्या हळू, की पत्र्यावरच्या पावसात ऐकायला सगळे पुढे वाकले.

मयुरेशनं कपाळावरचं गंध पुसलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मृण्मयी म्हणाली, "भाऊ, जिंकलो आपण. खरंच जिंकलो."

चंदरभाऊ उठले, पँटवरची माती झटकली. डोळे भरलेले होते आणि चेहरा असा फुललेला, जसा कोणी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.  पात्र मेलं की माणूस येत नाही.

शेडच्या दारापाशी ते थबकले.

"ताई, नवीन गडी रचायला एक कोरा कागद द्या. गाडीत बसून करतो," ते म्हणाले. "पण या गड्याला तरी जरा सांभाळाल ना?"

रूपालीनं कागद त्यांच्या हातात दिला.

"नाही," ती म्हणाली. "पोहे खाऊन जा."